ताईचा मोगरा

माझ्या वहिनीचा मी दहा वर्षं हेवा केला. थोडाथोडका नाही, रोजच्या पोळीभाजीसारखा नेमाने केला. आता ती साठीच्या पुढे गेली, मीही गेले. फोनवर आम्ही एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि नातेवाईक म्हणतात, नणंद-भावजय असाव्यात तर अशा. त्यांना काय जातं म्हणायला! आधीची दहा वर्षं त्यांनी पाहिली नाहीत. त्यात खाष्ट बाई वहिनी नव्हती, मी होते.

माझं माहेर रावेरकडचं. गावाच्या चारी बाजूंना केळीच्या बागा, मध्ये थोडा कापूस. आमच्या घरात एकच धर्म पाळला जायचा, तो म्हणजे केळीला तहान लागू द्यायची नाही. आबा, म्हणजे माझे वडील, लाइट आली की जेवणाच्या ताटावरून उठून मोटर चालू करायला जायचे. "झाडाले पानी अन् मानसाले जेवन देताना हात आखडता घेऊ नाही," हे त्यांचं वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. त्यामुळे कोणतंही झाड दिसलं की त्याला पाणी घालायचं, एवढंच बागकाम मला ठाऊक होतं. त्या बागकामात मी हुशार आहे असा माझा पक्का समज होता.

सातवीत असताना मी शाळेतल्या बाईंच्या अंगणातून मोगऱ्याची एक फांदी मागून आणली आणि मागच्या परसात, न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे खोचली. दहा माणसांच्या आंघोळीचं पाणी बारा महिने तिला मिळालं. बघता बघता झाड माझ्या उंचीचं झालं. पानं अशी हिरवीगार की शेजारच्या बाया थांबून बघायच्या. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी पाच-सहा फुलं यायची. पाच-सहा म्हणजे माझ्या मते पुष्कळ होती, कारण जास्त मी कुठे पाहिलीच नव्हती. आई ती दोऱ्यात गुंफून माझ्या वेणीत माळायची. घरातली कुठलीही वस्तू माझ्या एकटीची नव्हती, दोन भावांमध्ये मी एकटी मुलगी होते. मोगरा मात्र माझा होता.

टीव्ही नुकता रंगीत झाला होता, त्या सुमारास माझं लग्न झालं आणि मी धुळ्याला आले. आमचे हे सरकारी कचेरीत होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे चार हात जागा, नळाला सकाळी तासभर पाणी. माहेरून मी मोगऱ्याचं एक कलम आणलं होतं, ते त्या चार हातांत लावलं आणि घरच्या धर्माप्रमाणे रोज दोन बादल्या पाणी घालायला लागले. पिण्याचं पाणी कमी पडलं तर चालेल, मोगऱ्याचं नाही. झाड झकास वाढलं. फुलं मात्र आली नाहीत. मी म्हटलं, धुळ्याची हवाच कोरडी, त्याला झाड तरी काय करणार. नाचता येईना, अंगण वाकडं!

दोन वर्षांनी मोठ्या भावाचं लग्न झालं. मुलगी दोंडाईच्याच्या पुढच्या एका गावातली. म्हणजे मी धुळ्याकडे आले आणि धुळ्याकडची मुलगी माझ्या घरात गेली, सरळ अदलाबदलच. तिच्या गावाला पाणी कमी. मार्चनंतर विहिरीत उतरून हंडा भरावा लागतो, असं लग्न जमवायला गेलेले काका सांगत आले होते. बोलणं सगळं तिकडचं अहिराणी. आमच्याकडे 'आहे' म्हणतात तिथे ती 'शे' म्हणायची. लग्नानंतर महिनाभर आमच्या गल्लीतली पोरं तिच्यामागे "काय शे, कसं शे" करत फिरायची. मीही त्या पोरांच्या वरताण होते. मी माहेरपणाला आलेली सुशिक्षित नणंद, धुळ्यासारख्या शहरात राहणारी. हसले नाही तर नणंद कसली?

ती हसून सोडून द्यायची. तांदूळ धुतलेलं पाणी कोथिंबिरीला घालायची, भाजी धुतलेलं वांग्यांना. तांब्यात घोटभर उरलं तरी फेकायची नाही. आमच्या घरात धो धो पाणी होतं, तरी तिचा हात तसाच. "वहिनी, इथे विहीर आटत नाही हो," मी म्हणायची. "मालूम शे ताई," ती म्हणायची, "पन हातले मालूम नही." हाताला माहीत नाही! मला वाटायचं, किती चिकट बाई आहे.

आता आखाजीचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात. दिवाळी चुकली तर चालते, आखाजी चुकत नाही. कडुनिंबाच्या फांदीला झोके बांधतात, पोरी गौराईची गाणी म्हणतात, सासरी वर्षभर गिळलेलं सगळं झोक्यावर बसून मैत्रिणींना सांगून टाकतात. आणि जेवायला आमरस आणि मांडे. मांडे म्हणजे पुरणाचेच, पण तव्यावरचे नाहीत. चुलीवर मातीचं खापर उपडं घालायचं आणि पुरण भरलेली पोळी हातावर फिरवत, कोपरापर्यंत पसरत नेऊन त्याच्यावर टाकायची. ज्या घरातल्या बाईचा मांडा फाटत नाही, तिचं नाव गावात निघतं. आमच्याकडे ते नाव आईचं होतं.

वहिनीची पहिली आखाजी रीतीप्रमाणे तिच्या माहेरी झाली. दुसऱ्या आखाजीला मी गेले तेव्हा खापरासमोर आई नव्हती, वहिनी होती. आईचे गुडघे दुखत होते म्हणे. मी दारात उभी राहून पाहिलं. वहिनीने मांडा हातावर घेतला, तो फिरत फिरत दोन्ही हातांवर उतरला, इतका पातळ की त्यातून तिच्या बांगड्या दिसत होत्या. तिने तो खापरावर टाकला आणि कुठे सुरकुती नाही की भोक नाही. जेवताना आबा, ज्यांनी आयुष्यात कधी अन्नाला चांगलं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही, ते ताट पुढे करून म्हणाले, "अजून एक आन वं."

आईच्या हातचं खाताना त्यांनी कधी मागून घेतलं नव्हतं. माझ्या हातचं तर सोडाच. मी सहा मांडे खाल्ले आणि सातव्याला म्हटलं, "वहिनी, कणकेत मीठ कमी आहे."

"व्हई ताई," ती म्हणाली, "मन्हा हात जराखा आखडता शे."

असेल ताई, माझा हात जरा आखडता आहे, असं म्हणाली ती. हे मला लागावं म्हणून म्हणाली की सरळपणाने, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण आबा हसले, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यानंतर दरवर्षी मी आखाजीला जायची ती जणू पंचनामा करायला. माझी साडी ज्या खुंटीवर असायची तिथे तिची. डब्यांच्या जागा बदललेल्या. कढीपत्त्याचं झाड छाटलेलं. परसात तिने वांग्यांचा वाफा केला होता, आमच्या भरताची ती मोठी हिरवी-पांढरी वांगी, एकेक तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढं. ती पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजून तिने भरीत केलं की वास गल्लीच्या टोकाला जायचा. माझी मुलं आल्या आल्या "मामी, मामी" करत तिच्या पदराला लटकायची. मी त्यांची आई आहे हे त्यांना परतीच्या गाडीत बसल्यावर आठवायचं. आणि एकदा आई मला म्हणाली, "दूध झाकून ठेवलं शे, पी." मी तिच्याकडे बघतच राहिले. साठ वर्षं रावेरची बोली बोललेली माझी आई 'शे' म्हणत होती आणि तिला ते कळलंही नव्हतं. त्या दिवशी मी दूध प्यायले नाही. कारण विचारलं तर काय सांगणार होते?

पाचेक वर्षं अशी गेली. मग एका माघात चुलत बहिणीच्या लग्नाला मी माहेरी गेले. चपला काढायच्या आधी सवयीने परसात गेले, आणि तिथेच उभी राहिले. माझ्या मोगऱ्याला एकही पान नव्हतं. नुसत्या काटक्या. बुंध्याभोवतीची माती खणून मुळं उघडी पाडलेली. न्हाणीच्या पाण्याला मातीचा बांध घालून ते वांग्यांकडे वळवलेलं, मोगऱ्याखालची जमीन तडकलेली.

मला वाटलं, मारलं हिने माझं झाड. आणि का मारलं तेही मला लगेच कळलं, असं मला वाटलं. खुंटी घेतली, आई घेतली, मुलं घेतली, तेवढा मोगरा राहिला होता माझा. लग्नघर ते, पाहुण्यांनी भरलेलं. मी सगळ्यांसमोर वहिनीला हाक मारली आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यातलं बाकीचं विसरले, शेवटचं विसरता येत नाही. "तुमच्या गावाला प्यायला पाणी नाही, म्हणून आमच्या झाडांनाही तहानेने मारणार का? ती अवदसा तिकडेच ठेवून यायची होती."

वहिनीच्या हाताला पीठ होतं. ती म्हणाली, "ताई, मोगरा जित्ता शे. त्याले तान देल शे. होळी व्हऊ द्या, मंग पानी देसू. तुम्ही आखाजीले या अन् दखा."

झाड जिवंत आहे, त्याला ताण दिला आहे, असं ती सांगत होती. होळीनंतर पाणी देऊ, आखाजीला या आणि बघा. तिने इतकं सरळ सांगितलं होतं. पण ताण देणं म्हणजे काय, हे केळीवाल्यांच्या मुलीला कुठून ठाऊक असणार? केळीचं पाणी तोडलं तर बाग जाते. मी पायाने तो मातीचा बांध फोडला. चार दिवस राहिले, चारही दिवस सकाळ-संध्याकाळ बादल्याच्या बादल्या ओतल्या. निघताना आईकडून वचन घेतलं की रोज पाणी घालीन. आईने मान हलवली.

आखाजीला गेले तेव्हा मोगरा पुन्हा हिरवागार झाला होता, पहिल्यापेक्षा जास्त. फुलं होती अकरा. मी ती सगळी डोक्यात माळली आणि वहिनीपुढून तीनदा उगाच ये-जा केली. "बघा, वाचवला की नाही मी?"

"व्हय ताई, वाचना," ती म्हणाली, आणि खापर उतरवायला गेली. त्यानंतर तिने त्या झाडाला हात लावला नाही. न्हाणीचं पाणी पुन्हा तिकडेच वाहू लागलं. मी जिंकले होते. धुळ्याला आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं तर हे पेपरमागून म्हणाले, "भांडण तुझं आणि भाजी तिची, असं किती वर्षं चालणार?"

आणखी चार वर्षं चाललं.

वसंतपंचमी झाली होती. भाऊ मोटरीचा काही भाग घ्यायला धुळ्याला आला आणि येताना दोन पिशव्या घेऊन आला. एकीत आमच्यासाठी भरताची वांगी आणि केळी, दुसरीतही तेच, वहिनीच्या आईसाठी. त्याला परत जायची घाई होती. म्हणाला, "दोंडाईच्याच्या कंडक्टरजवळ दे, तिकडून कोणी घेऊन जाईल." मी म्हटलं, मीच जाते. त्याला माझ्या चांगुलपणाचं कौतुक वाटलं. चांगुलपणा कसला! ही बाई कुठल्या मातीत उगवली, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. ते ओसाड गाव बघून यावं, चार दिवस बरं वाटेल, असा माझा हेतू होता.

मुलं शाळेत गेल्यावर मी एसटीत बसले. दोंडाईच्याला उतरले तर बाजारात मिरचीचे लाल ढीग आणि स्टँडवरची सगळी माणसं शिंकतायत. पुढे जीपने अर्धा तास. गाव खरंच कोरडं होतं. विहिरीवर बाया रांगेत उभ्या होत्या. मला बरं वाटायला सुरुवात झाली.

वहिनीची आई घरी एकटीच होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कामाला सुरतेला. अंगणात एक बकरी, भिंतीला टेकवलेली खाट. म्हातारीने मला ओळखलं नाही, पण पिशवीतली वांगी पाहिली आणि ती कुठून आली हे ओळखलं. मग मी कोण ते तिच्या लक्षात आलं. माझे दोन्ही हात धरून तिने मला खाटेवर बसवलं आणि तांब्याभर पाणी आणलं. पूर्ण भरलेला तांब्या. विहिरीवरची रांग मी नुकतीच पाहिली होती, त्यामुळे मी तो सगळा प्यायले.

मग माझं लक्ष दाराशेजारी गेलं. तिथे मोगरा होता. पान नाही एकही. नुसत्या काटक्या, मुळं उघडी, भोवती मातीचा बांध आणि तडकलेली जमीन. अगदी तसाच.

मी विचारलं, "हे झाड असं का?"

"त्याले तान देल शे माय," म्हातारी म्हणाली. "आते पानी दिधं तर नुस्ता पाला येस. होळीले पानी देवानं, मंग आखाजीले बठ्ठा झाडले फुले येतस."

आत्ता पाणी दिलं तर नुसता पाला, होळीला दिलं तर आखाजीला सगळं झाड फुलतं. माझ्या डोळ्यांपुढे माझी दोन्ही झाडं उभी राहिली, माहेरचं आणि धुळ्याचं, हिरवीगार, पाल्याने भरलेली.

मी म्हटलं, "आखाजीलाच का?"

तिला तो प्रश्न वेडेपणाचा वाटला असावा. "आखाजीले पोर येस ना माहेरले," ती म्हणाली. "आमना गावमा जेनी पोर येवाव ऱ्हास, तेना घरना मोगरा असा ऱ्हास." मग पदराने हात पुसत, तक्रार म्हणून नाही, आज उकडतंय म्हणावं तशी म्हणाली, "मी दरसाल तान देस. फुले येतस. पोर येत नही."

मग तिने मला विचारलं, "तठे बी ताईना मोगरा शे म्हने. पोरनी सांगं व्हतं. फुले येतस का त्याले?"

मी म्हटलं, येतात. अकरा येतात असं सांगायची मला लाज वाटली.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. ज्या घरी लेक येणार, त्या घरचा मोगरा असा राहतो. वहिनीने तिच्या गावची रीत आमच्या घरी आणली होती. तिथे आखाजीला येणारी लेक मी होते. तिने पानं खुडली ती माझ्यासाठी, आणि मी दहा पाहुण्यांसमोर तिच्या गावाचं पाणी काढलं. आणि तिचं स्वतःचं माहेरपण? मी बोटं मोजली. पहिली आखाजी सोडली तर नऊ वर्षांत ती एकदाही गेली नव्हती. दिवाळीला चार दिवस, तेवढंच. आईचे गुडघे दुखायचे, मी दोन मुलं घेऊन यायची, मांडे कोणी करायचे? आम्ही कोणी तिला जाऊ नको म्हटलं नव्हतं. जा असंही कोणी म्हटलं नव्हतं. मी जिच्या जागेवर जळत होते, ती त्या जागेवरून हलू शकत नव्हती आणि तिला तिथे बसवून ठेवणारी मीच होते.

मला पश्चात्ताप झाला, असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. आधी राग आला. म्हटलं, एवढं चांगलं वागायची काय गरज होती हिला? एकदा तरी तोंड उघडून भांडली असती तर आम्ही बरोबरीत असतो.

धुळ्याला आल्यावर मी दोन कार्डं लिहिली. पहिलं लगेच, वहिनीच्या नावाने, एका ओळीचं: मोगऱ्याचं पाणी बंद करा, पानं तुम्ही काढा. दुसरं चैत्रात, भावाला: धाकट्याला गोवर निघाला आहे, यंदा आखाजीला येणं जमत नाही, तरी वहिनीला तिच्या माहेरी पाठवावं. धाकटा तेव्हा पेरूच्या झाडावर चढलेला होता. कार्ड पेटीत टाकलं आणि मनातून वाट बघत राहिले, की उलट टपाली भाऊ लिहील, वेडी आहेस का, तुझ्याशिवाय कसली आखाजी, गोवरासकट ये. आठ दिवसांनी कार्ड आलं. "बरं. तिला फार आनंद झाला. गोवराला कडुनिंबाचा पाला ठेवणे." एवढंच. मी ते तीनदा वाचलं. स्वतः होऊन दिलं होतं आणि स्वतःच जळत होते.

आखाजीच्या दिवशी मी क्वार्टरमध्ये तव्यावर पुरणपोळ्या केल्या. चार फाटल्या. मुलांनी विचारलं, मामीसारखे का नाही केले? हे म्हणाले, चांगल्या आहेत, आणि दोनच खाल्ल्या. दुपारभर मला तो झोका दिसत होता, दोंडाईच्याकडच्या कुठल्यातरी लिंबाला बांधलेला, आणि त्याच्यावर वहिनी, डोक्यात मोगरा, मैत्रिणींना माझ्याबद्दल सांगत असलेली. सांगू दे म्हटलं. सांगण्यासारखं खूप होतं.

पाचव्या दिवशी ती परत जाताना धुळ्याला उतरली. दारात उभी राहिली तेव्हा धाकटा तिच्या अंगावर उडी मारून चढला. तिने त्याचा चेहरा उलटसुलट करून पाहिला. "गोवर उतरना का ताई?"

"उतरला," मी म्हटलं. मला तिच्याकडे बघता आलं नाही. ती हसत होती हे आवाजावरून कळत होतं.

तिच्या पिशवीतून एक डबा निघाला. आत ओल्या फडक्यात मोगऱ्याची फुलं, गच्च भरलेली. सगळ्या घरात वास पसरला. "मायनी तुमले देल शेत," ती म्हणाली. आईने तुमच्यासाठी दिलीत. एवढी फुलं एका जागी मी प्रथमच पाहत होते. तिने ती गुंफून माझ्या केसांत माळली. मला सॉरी म्हणायचं होतं. आमच्या पिढीत तो शब्द बाहेरच्यांसाठी होता, घरात कोणी म्हणत नसे. मी तिला मांडे करायला सांगितले नाहीत, खाटेवर बसवलं, पुन्हा पुरणपोळ्या केल्या आणि फाटल्या तशाच तिला वाढल्या. ती जेवली. म्हणाली, "मीठ बराबर शे."

संध्याकाळी ती पुढच्या चार हातांत गेली. माझा मोगरा, बारा वर्षांचा, हिरवागार, बिनफुलांचा. मी सवयीने बादली घेऊन आले होते. तिने माझ्या हातातून बादली काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली. "यंदा माघमा मी कार्ड टाकसू," ती म्हणाली. "तोवर कमी पानी."

ती गेल्यावर दोन दिवसांनी आईचं पत्र आलं, भावाच्या अक्षरात. ते आखाजीच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं. मांडे आईने केले, सगळे फाटले. ताईच्या मोगऱ्याला यंदा इतकी फुलं आली की झाड पांढरं झालं. म्हातारी 'ताईना मोगरा' म्हणाली होती; आमच्या घरात त्या झाडाचं नावच ताईचा मोगरा आहे, हे मला त्या पत्रातून कळलं. वहिनीने आल्या वर्षीच घरातल्या सगळ्यांना ते नाव शिकवलं होतं. माळायला घरात कोणी नव्हतं, म्हणून आईने फुलं, आखाजीला पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, तिच्यात टाकली. आणि शेवटी लिहिलं होतं, तुझे आबा सकाळ-संध्याकाळ एकच विचारतात, सून केव्हा येते.

सून केव्हा येते. लेक का आली नाही, हे नाही. माझ्या पोटात दुखलं, ते लपवत नाही. इतकं दुखलं की मी पत्र घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. मग तांदूळ निवडायला बसले तेव्हा लक्षात आलं, की आबांनी तो प्रश्न दोन दिवस विचारला होता. दोंडाईच्याकडे एक म्हातारी तो नऊ वर्षं विचारत होती. उत्तर मी होते, आणि मी दरवर्षी दोन मुलं आणि एक पिशवी घेऊन वेळेवर एसटीत चढत होते.